सिरियलायझेशनचा जुना कोड काढताना: लिहिणं आधी थांबवा, वाचणं शेवटी

लायब्ररीतलं एखादं साधं फंक्शन डेप्रिकेट करायची, म्हणजे 'हे जुनं झालं, पुढे काढलं जाईल' असं जाहीर करायची, रीत ठरलेली आहे. वॉर्निंग लावायची, चेंजलॉगमध्ये दोन ओळी लिहायच्या आणि पुढच्या मोठ्या रिलीजमध्ये ते काढून टाकायचं. वापरणाऱ्याला फार तर एका संध्याकाळचं काम पडतं. सिरियलायझेशनच्या, म्हणजे प्रोग्रॅममधला डेटा बाइट्समध्ये लिहून ठेवणाऱ्या आणि परत वाचणाऱ्या, कोडला हीच रीत लावली की गोची होते. त्या कोडवर लोकांचे प्रोग्रॅम तर अवलंबून असतातच, शिवाय त्याने लिहून ठेवलेल्या फायली, कॅशेतल्या नोंदी, रांगेत अडकलेले मेसेज आणि कुठेतरी पडून असलेले बॅकअपही असतात. प्रोग्रॅम दुरुस्त करता येतो. पाच वर्षांपूर्वी डिस्कवर उतरलेली फाईल मात्र वॉर्निंग वाचायला येत नाही.

म्हणून माझा आग्रह एकच आहे: लिहिणाऱ्या कोडचं आणि वाचणाऱ्या कोडचं आयुष्य वेगवेगळं मोजा. जुन्या स्वरूपात लिहिणं शक्य तितक्या लवकर थांबवा आणि जुनं स्वरूप वाचणं सगळ्यात शेवटी काढा. याला सुरक्षेचा एक अपवाद आहे, तो पुढे येईलच.

उदाहरणं बहुतेक पायथनची घेतो आहे. बोलायला सोपं जावं म्हणून 'मापन' नावाची एक कल्पित लायब्ररी धरू. तिच्यात सेन्सरकडून आलेली मोजमापं ठेवणारा 'रीडिंग' नावाचा क्लास आहे. त्या क्लासला वर्षानुवर्षं 'टू_डिक्ट', 'टू_जेसन', 'टू_एक्सएमएल', 'फ्रॉम_जेसन' अशा मेथड चिकटत गेल्या. शिवाय 'युटिल्स' मॉड्यूलमध्ये 'डंप' आणि 'लोड' अशी दोन फंक्शनं आहेत, ती आतून पिकल, म्हणजे ऑब्जेक्ट साठवायची पायथनची अंगची सोय, वापरतात. हे सगळं 'मापन.सिरियल' या एका उपपॅकेजमध्ये आणायचं आहे, एक्सएमएल बंद करायचं आहे आणि पिकलच्या जागी आवृत्ती-क्रमांक असलेलं जेसन आणायचं आहे.

आधी यादी: नक्की काय काय मोडू शकतं

सिरियलायझेशनचा कोड एकाच वेळी तीन वचनं पाळत असतो. पहिलं वचन नावांचं: कोणत्या मॉड्यूलमधून कोणतं फंक्शन इम्पोर्ट होतं. दुसरं बाइट्सचं: फाईल कशी दिसते. तिसरं वचन डेटाच्या पोटात दडलेल्या नावांचं, आणि नेमकं तेच विसरलं जातं. पिकल एखादं ऑब्जेक्ट लिहितं तेव्हा क्लासचा कोड लिहीत नाही. क्लास कोणत्या मॉड्यूलमध्ये आहे आणि त्याचं नाव काय, एवढंच लिहितं. वाचताना ते मॉड्यूल इम्पोर्ट करून त्यातून ते नाव उचलतं. म्हणजे 'मापन.कोअर' मधला 'रीडिंग' तुम्ही 'मापन.मॉडेल' मध्ये हलवलात, तर एपीआय जसाच्या तसा राहूनही जगभरातल्या जुन्या पिकल फायली उघडायच्या बंद होतात. जावाच्या मूळ सिरियलायझेशनचंही असंच आहे. क्लासचं पूर्ण नाव डेटात जातं, आणि 'सिरियलव्हर्जनयूआयडी' तुम्ही स्वतः दिला नसेल तर तो क्लासच्या रचनेवरून काढला जातो. एखादी पब्लिक मेथड वाढवली तरी तो बदलतो आणि जुनी फाईल नाकारली जाते.

यादी करताना 'डंप' आणि 'लोड' शोधून थांबू नका. '__रिड्यूस__', '__गेटस्टेट__', '__सेटस्टेट__' हेही शोधा. हे हुक, म्हणजे ऑब्जेक्ट कसं साठवायचं आणि परत कसं उभं करायचं हे ठरवणाऱ्या मेथड, फक्त फाईल लिहिताना चालत नाहीत. 'कॉपी.डीपकॉपी' त्यांनाच हाक मारते, आणि मल्टिप्रोसेसिंग एका प्रोसेसकडून दुसरीकडे ऑब्जेक्ट पाठवताना पिकलच वापरतं. 'आमच्याकडे कोणी पिकल करत नाही' असं म्हणणाऱ्याकडेही पिकल चाललेलं असतंच. त्यामुळे '__सेटस्टेट__' ला हात लावला की डीपकॉपीची टेस्टही यादीत घ्यायची.

अंडरस्कोरने सुरू होणारी नावंही सोडू नका. ती खासगी असतात हे आपल्याला माहीत असतं, वापरणाऱ्याला असेलच असं नाही. सार्वजनिक रेपॉझिटरींमध्ये कोड सर्च करून पाहिलं तर '_टू_रॉ' सारखी मेथड कितीतरी ठिकाणी थेट वापरलेली सापडते. अशी नावं वाचवायलाच हवीत असं नाही, पण ती काढताना आपण कोणाला त्रास देतो आहोत हे ठाऊक असावं.

कोडला हात लावण्याआधी नमुना-फायली जमवा

सगळ्यात कंटाळवाणं काम हेच, आणि वाचवणारंही हेच. लायब्ररीच्या प्रत्येक जुन्या महत्त्वाच्या रिलीजसाठी स्वतंत्र व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट करा. त्यात ती नेमकी आवृत्ती बसवा आणि तिच्याकडूनच फायली लिहून घ्या. त्या फायली टेस्टच्या फोल्डरमध्ये कमिट करा. फायलीच्या नावात लायब्ररीची आवृत्ती, पायथनची आवृत्ती आणि पिकलचा प्रोटोकॉल येऊ द्या. प्रोटोकॉलला महत्त्व आहे: पायथन ३.८ मध्ये डिफॉल्ट ३ वरून ४ झाला, ३.१४ मध्ये ५ झाला. मधल्या काळातल्या फायली लोकांकडे सगळ्या तऱ्हेच्या असणार.

या फायली पुन्हा कधीही नव्या कोडने तयार करायच्या नाहीत. टेस्ट लाल झाली की 'नमुना जुना झाला असेल' म्हणून तो पुन्हा लिहून टाकायचा मोह होतो. तसं केलं की त्या टेस्टचा उपयोगच संपतो.

नमुन्यात काय घालायचं? सरळसोट डेटाने काही पकडलं जात नाही. रिकामी यादी घ्या. देवनागरी मजकूर घ्या, त्यात जोडाक्षर असू द्या. टाइमझोन असलेली आणि नसलेली वेळ, दोन्ही घ्या. ९००७१९९२५४७४०९९३ हा आकडा घ्या. हा २ च्या ५३ व्या घातापेक्षा एकाने मोठा आहे, आणि सगळे आकडे डबल फ्लोटमध्ये धरणाऱ्या जेसन वाचकाकडे त्यातला शेवटचा ३ टिकत नाही. पिकलकडून जेसनकडे जाताना तर आणखी खाचखळगे आहेत. टपलची लिस्ट होते. डिक्शनरीची पूर्णांक की स्ट्रिंग होऊन परत येते. आणि 'नॅन' ('हा आकडा नाही') ही किंमत जेसनच्या मानकात बसत नसूनही पायथनचं 'जेसन' मॉड्यूल ती डिफॉल्टने बिनबोभाट लिहितं, मग दुसऱ्या भाषेतला काटेकोर पार्सर फाईलच नाकारतो. सेन्सर बंद पडला की 'नॅन' येतोच, म्हणजे 'मापन' साठी ही दुर्मीळ गोष्ट नव्हे. नव्या स्वरूपात त्याचं काय करायचं, 'नल' लिहायचं की वेगळी खूण, हे आत्ताच ठरवा.

टेस्टमध्ये वाचून आलेल्या किमती तपासा. बाइट्स जसेच्या तसे जुळतात का, हे फक्त तेव्हाच तपासा जेव्हा तसं वचन दिलेलं असेल, उदाहरणार्थ फाईलची सही किंवा हॅश कोणी साठवत असेल तर. नाहीतर कीचा क्रम बदलला म्हणून टेस्ट पडत राहतील आणि लोक त्यांच्याकडे लक्ष देणं सोडतील.

नवी रचना

जुन्या कोडमध्ये बहुधा दोन कामं एकात एक गुंतलेली असतात: ऑब्जेक्टचं साध्या रचनेत रूपांतर, आणि त्या साध्या रचनेचं बाइट्समध्ये रूपांतर. साधी रचना म्हणजे डिक्शनरी, लिस्ट, आकडे, स्ट्रिंग, बस. ही दोन कामं वेगळी केली की निम्मा गुंता सुटतो. 'मापन.सिरियल' मध्ये एक थर 'रीडिंग' ला ओळखेल पण जेसन म्हणजे काय हे त्याला ठाऊक नसेल. दुसरा थर जेसन ओळखेल पण 'रीडिंग' ओळखणार नाही. आणि मूळ 'रीडिंग' क्लास या दोघांपैकी कोणालाच इम्पोर्ट करणार नाही. इम्पोर्टची दिशा एकच ठेवा, नाहीतर सर्क्युलर इम्पोर्ट सोडवण्यात दिवस जातात. यॅमल या दुसऱ्या मजकूर-स्वरूपासारख्या ऐच्छिक गोष्टी त्या-त्या फंक्शनच्या आत, लागतील तेव्हाच इम्पोर्ट करा.

नव्या स्वरूपात क्लासच्या मॉड्यूलचा पत्ता लिहायचा नाही. त्याऐवजी ठरवून दिलेलं एक टोपणनाव लिहा, समजा 'रीडिंग', आणि कोणतं टोपणनाव कोणत्या क्लासचं हे एका रजिस्ट्रीत ठेवा. मग क्लास कुठेही हलवा, फायलींना त्याचा पत्ता लागत नाही.

स्वरूपाच्या सुरुवातीला ओळखखूण आणि आवृत्ती हवीच. आकडेमोडीच्या नमपाय लायब्ररीचं 'एनपीवाय' स्वरूप याचा छान नमुना आहे. पहिले सहा बाइट ठरलेली खूण, त्यानंतर एक बाइट मुख्य आवृत्तीचा आणि एक उपआवृत्तीचा. आठ बाइट वाचले की पुढे काय आहे ते कळतं. जेसनमध्ये हेच काम सर्वांत वरच्या पातळीवरच्या 'फॉरमॅट' आणि 'आवृत्ती' अशा दोन की करतात. हा आवृत्ती-क्रमांक लायब्ररीच्या क्रमांकाला जोडू नका. लायब्ररी ४.६ वरून ४.७ झाली म्हणून फाईलची रचना बदलते असं नाही.

जुन्या आवृत्त्या वाचण्यासाठी रूपांतरांची साखळी करा. एक फंक्शन आवृत्ती १ ची साधी रचना घेऊन २ ची देतं, दुसरं २ ची घेऊन ३ ची देतं. वाचक फक्त शेवटच्या आवृत्तीपासून ऑब्जेक्ट बनवायला शिकतो. प्रत्येक फंक्शन डिक्शनरीवरच चालतं, कुठलाही क्लास त्यात येत नाही. आणि एक पथ्य पाळा: या फंक्शनांमध्ये लायब्ररीतले आजचे कॉन्स्टंट वापरू नका. आवृत्ती १ मध्ये एकक लिहिलं नसेल तर ते सेल्सिअस धरायचं, असं ठरलं असेल तर तिथे थेट 'सेल्सिअस' अशी स्ट्रिंग लिहा. 'डिफॉल्ट_एकक' वापरलंत आणि उद्या कोणी तो कॉन्स्टंट केल्विन केला, तर जुन्या सगळ्या फायलींचे अर्थ एका रात्रीत बदलतील आणि एकही एरर येणार नाही.

जुनी नावं जिवंत ठेवण्याची कला

जुनं मॉड्यूल लगेच पुसायचं नाही. तिथे एक पातळ मध्यस्थ ठेवायचा, जो नव्या जागेवरून नाव आणून देतो. पायथन ३.७ पासून मॉड्यूललाही '__गेटअॅट्र__' देता येतं. त्यामुळे मॉड्यूल नुसतं इम्पोर्ट केल्यावर गप्प बसायचं आणि जुनं नाव प्रत्यक्ष मागितलं की वॉर्निंग द्यायची, असं करता येतं.

मध्यस्थाने तोच क्लास परत द्यायला हवा. सोय म्हणून जुन्या नावाचा उपक्लास करून त्याच्या '__इनिट__' मध्ये वॉर्निंग टाकणारे बरेच दिसतात. मग जुन्या नावाने बनवलेलं ऑब्जेक्ट आणि नव्या नावाने बनवलेलं ऑब्जेक्ट यांचे टाइप वेगळे पडतात, 'इझइन्स्टन्स' एकाच दिशेने खरं ठरतं, आणि रजिस्ट्रीत नेमका टाइप शोधणारा कोड हात वर करतो. क्लासची दुसरी प्रत तयार झाली असेल तर पिकल 'हे तेच ऑब्जेक्ट नाही' म्हणून लिहायलाच नकार देतं.

आता खरी मेख. जुनी पिकल फाईल वाचताना त्या फाईलमधलं जुनं नाव याच मध्यस्थातून जातं, त्यामुळे वॉर्निंग तिथेही उठते. ज्याने फाईल उघडली त्याच्या कोडमध्ये जुनं नाव कुठेच नाही. तो बिचारा काय दुरुस्त करणार? मशीन लर्निंगच्या सायकिट-लर्न लायब्ररीने 'एसकेलर्न.एक्स्टर्नल्स.जॉबलिब' ०.२१ मध्ये डेप्रिकेट केलं आणि ०.२३ मध्ये काढलं, तेव्हा हा पेच उभा राहिलाच होता. साठवलेल्या मॉडेलच्या पोटात ते जुनं नाव होतं, म्हणून त्यांच्या वॉर्निंगमध्येच सांगावं लागलं की मॉडेल उघडताना हे दिसलं तर नव्या आवृत्तीने मॉडेल पुन्हा साठवा.

तुमच्या हातात 'लोड' फंक्शन आहे, तेव्हा याहून बरं करता येतं. 'अनपिकलर' चा उपक्लास करा आणि त्यात 'फाइंड_क्लास' बदला. आत एक तक्ता ठेवा: डावीकडे जुना पत्ता, उजवीकडे नवा. डेटा-विश्लेषणाच्या पांडाज लायब्ररीनेही हलवलेल्या क्लासांसाठी असाच तक्ता बाळगलेला आहे. मग जुन्या फायली वॉर्निंगशिवाय उघडतात, आणि तक्त्यात नसलेलं नाव आलं की नकार देता येतो. पिकलमधून भलतंच काही चालवलं जाऊ नये म्हणून पायथनच्या दस्तऐवजांतही हाच मार्ग सुचवलेला आहे. अर्थात ज्याने तुमचं 'लोड' न वापरता थेट पिकलने फाईल उघडली, त्याच्यासाठी मध्यस्थ लागतोच.

उलटी दिशाही पाहा. क्लास नव्या मॉड्यूलमध्ये गेला की नव्या पिकल फायलींत नवा पत्ता पडतो, आणि लायब्ररीची जुनी आवृत्ती वापरणाऱ्याला ती फाईल उघडत नाही. नमपाय २.० मध्ये 'कोअर' चं '_कोअर' झालं तेव्हा हा प्रश्न आला. त्यांनी १.२६ मध्येच '_कोअर' नावाचे छोटे मध्यस्थ घालून ठेवले होते, म्हणजे २.० ने लिहिलेली फाईल १.२६ लाही उघडता यावी. एवढं टाळायचं असेल तर क्लासचं '__मॉड्यूल__' हाताने सार्वजनिक पत्त्यावर बसवा, समजा नुसतं 'मापन'. कोड आत कुठेही असो, फायलीत तोच स्थिर पत्ता जातो. मी तर म्हणेन, नवी लायब्ररी लिहिणाऱ्याने हे पहिल्याच दिवशी करावं.

उपक्लास: इथे डेटा गुपचूप हरवतो

समजा कोणीतरी 'रीडिंग' चा उपक्लास करून 'टू_डिक्ट' ओव्हरराइड केली आहे आणि त्यात 'उंची' ही जादा की घातली आहे. आजवर 'टू_जेसन' आतून 'टू_डिक्ट' लाच बोलावत होती, म्हणून 'उंची' फायलीत जात होती. नव्या रचनेत 'सिरियल.एन्कोड' स्वतःच सगळी फील्ड गोळा करतं. एरर नाही, वॉर्निंग नाही, फाईल व्यवस्थित लिहिली जाते. फक्त 'उंची' नसते. हे कळायला सहा महिने लागले तर सहा महिन्यांच्या फायली गेल्या.

उपाय असा. डेप्रिकेशनच्या काळात 'एन्कोड' ने तपासायचं की समोरच्या ऑब्जेक्टच्या टाइपची 'टू_डिक्ट' मूळ 'रीडिंग' चीच आहे का. नसेल तर ओव्हरराइड केलेली मेथड बोलवायची आणि त्या उपक्लासचं नाव घेऊन वॉर्निंग द्यायची. पण यात एक फास आहे. ओव्हरराइड केलेली मेथड बहुधा सुरुवातीलाच 'सुपर' मधून मूळ 'टू_डिक्ट' बोलावते. ती मूळ मेथड आता मध्यस्थ होऊन 'एन्कोड' कडे वळवलेली असेल, तर 'एन्कोड' पुन्हा ओव्हरराइड पाहतं, पुन्हा तिलाच बोलावतं, आणि रिकर्शनची मर्यादा ओलांडेपर्यंत हे चालतं. म्हणून मूळ 'टू_डिक्ट' ने 'एन्कोड' कडे जायचंच नाही. तिने त्याच्याही खालच्या, ओव्हरराइड न पाहणाऱ्या '_साधी_रचना' या फंक्शनकडे जायचं. या एका प्रकारासाठी टेस्टमध्ये एक उपक्लास मुद्दाम लिहून ठेवा.

वॉर्निंग कशी लिहावी

पायथनमध्ये 'डेप्रिकेशनवॉर्निंग' डिफॉल्टने दिसत नाही. ती थेट चालवलेल्या मुख्य स्क्रिप्टमधून उठली तरच दिसते, हेही ३.७ पासून. टेस्ट चालवणारं पायटेस्ट ती दाखवतं, म्हणून प्रोग्रॅमरपर्यंत पोहोचायला ती पुरते. तुमची लायब्ररी नोटबुकमध्ये बसून डेटा पाहणारे लोक वापरत असतील आणि निकालच बदलणार असेल, तर 'फ्यूचरवॉर्निंग' वापरा. ती सगळ्यांना दिसते.

'स्टॅकलेव्हल' द्यायला विसरू नका. दिला नाही तर वॉर्निंग तुमच्याच लायब्ररीतल्या ओळीकडे बोट दाखवते आणि वाचणाऱ्याला वाटतं, हा त्यांचा घरचा मामला आहे. साध्या फंक्शनमध्ये २ पुरतो. वॉर्निंग एखाद्या मदतनीस फंक्शनमधून देत असाल तर ३ लागतो. पायथन ३.१२ पासून 'स्किप_फाइल_प्रिफिक्सेस' देऊन लायब्ररीच्या सगळ्या फायली वगळता येतात, ते जास्त भरवशाचं.

मजकुरात चार गोष्टी हव्यात: काय जुनं झालं, केव्हापासून, केव्हा जाणार, त्याऐवजी काय. असं:

> 'रीडिंग.टू_एक्सएमएल' ही मेथड मापन ४.७ पासून डेप्रिकेट केली आहे, ५.० मध्ये ती काढली जाईल. 'मापन.सिरियल.लिहा(रीडिंग, पाथ)' वापरा. आधी लिहिलेल्या एक्सएमएल फायली ५.x मध्येही वाचता येतील.

शेवटचं वाक्य छोटं आहे, पण धास्ती तेच घालवतं. 'डेप्रिकेट' वाचलं की लोकांना पहिला प्रश्न पडतो तो जुन्या फायलींचा.

वॉर्निंग लिहिताना द्या, जुनी फाईल वाचताना देऊ नका. दिलीच तर पूर्ण फाईलमागे एकदा. आणि प्रत्येक नोंदीमागे चालणाऱ्या आतल्या लूपमध्ये तर मुळीच नको. फिल्टरमुळे मजकूर एकदाच छापला गेला तरी कॉलचा खर्च प्रत्येक वेळी होतोच.

पायथन ३.१३ मध्ये 'वॉर्निंग्ज.डेप्रिकेटेड' हा डेकोरेटर आला आहे. टाइप-चेकरही तो ओळखतो, म्हणजे कोड चालवायच्या आधीच एडिटरमध्ये नाव खोडलेलं दिसू शकतं. जावा ९ पासून '@डेप्रिकेटेड' मध्ये 'सिन्स' आणि 'फॉररिमूव्हल' भरता येतं. रस्टमध्ये त्यासाठी अॅट्रिब्यूट आहे.

तुमच्या स्वतःच्या टेस्टमध्ये वॉर्निंगला एरर माना. लायब्ररीचाच एखादा कोपरा जुनं नाव वापरत असला तर तो तिथेच पकडला जातो. जुन्या नावांच्या टेस्ट मात्र पुसू नका, वॉर्निंग येते हे तपासणाऱ्या वेगळ्या फायलीत हलवा.

रिलीजचा क्रम

समजा मापन ४.५ सध्या बाजारात आहे. ४.६ मध्ये फक्त नवं स्वरूप *वाचायला* शिकवा. लिहिणं जसंच्या तसं. वापरणाऱ्याला या रिलीजमध्ये काहीच दिसत नाही, म्हणून ती अनावश्यक वाटते आणि घाईत गाळली जाते. गाळू नका. मोठ्या यंत्रणेत सगळे सर्व्हर एकाच क्षणी अपडेट होत नाहीत. काही काळ नवा आणि जुना कोड शेजारी शेजारी चालतो, एकाच कॅशेत लिहितो, एकाच रांगेतून उचलतो. नव्याने लिहिलेलं जुन्याला वाचताच आलं नाही तर अपडेट अर्ध्यावर फसतं. आणि काही बिघडून मागे यावं लागलं, तर मधल्या दोन तासांत लिहिलेला डेटा मागच्या आवृत्तीला वाचता यायला हवा.

४.७ मध्ये नवं उपपॅकेज जाहीर करा, नवं स्वरूप मागितलं तर लिहा, जुन्या लिहिणाऱ्या नावांवर वॉर्निंग लावा. ५.० मध्ये नवं स्वरूप डिफॉल्ट होतं आणि जुने लेखक, म्हणजे जुनं स्वरूप लिहिणारा कोड, जातात. वाचक सगळे जागेवर. ६.० मध्ये, किंवा त्याही पुढे, जुने वाचक 'मापन-जुने' अशा वेगळ्या पॅकेजमध्ये हलवता येतील.

डिफॉल्ट बदलताना मधली एक पायरी उपयोगी पडते: किंमत स्पष्ट न देणाऱ्यालाच वॉर्निंग. मशीन लर्निंगच्याच पायटॉर्च लायब्ररीने 'टॉर्च.लोड' मधल्या 'वेट्स_ओन्ली' चं असंच केलं. आधी तो न देणाऱ्यांना वॉर्निंग, मग २.६ मध्ये डिफॉल्ट 'ट्रू'. यॅमल वाचणाऱ्या पाययॅमल लायब्ररीने वेगळी वाट धरली. 'लोडर' न देता 'लोड' वापरणाऱ्याला २०१९ मध्ये ५.१ ने वॉर्निंग दिली आणि २०२१ च्या ६.० मध्ये तो आर्ग्युमेंट सक्तीचाच केला. डिफॉल्टच नको, ही भूमिका मला जास्त पटते. निवड करणारा निदान काय निवडतो ते पाहतो.

मुदत किती द्यायची याला एक उत्तर नाही. पांडाजने 'टू_मेसेजपॅक' २०१९ च्या जुलैत ०.२५ मध्ये डेप्रिकेट केलं आणि २०२० च्या जानेवारीत १.० मध्ये काढलं. फाईल स्वरूपासाठी सहा महिने ही फारच तोकडी मुदत, पण ते स्वरूप प्रायोगिक आहे असं दस्तऐवजांत आधीपासून लिहिलेलं होतं. उलट मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटचं 'बायनरीफॉर्मॅटर' २०२० मध्ये डॉटनेट ५ ला जुनं ठरलं आणि २०२४ मध्ये डॉटनेट ९ ला त्याची अंमलबजावणी काढली गेली. मधल्या आवृत्त्यांमध्ये वॉर्निंगची एरर झाली, मग बहुतेक प्रकारच्या प्रोजेक्टमध्ये ते डिफॉल्टने बंद झालं.

आता तो अपवाद. जुनं स्वरूप वाचणंच धोक्याचं असेल तर क्रम उलटतो. पिकल फाईल वाचणं म्हणजे ती बनवणाऱ्याला तुमच्या मशीनवर कोड चालवू देणं. अशा वेळी आधी वाचणं आवळा: डिफॉल्टने बंद, मुद्दाम मागितलं तरच चालू. नमपायने २०१९ मध्ये १.१६.३ ला 'अलाउ_पिकल' चं डिफॉल्ट 'फॉल्स' केलं ते याच कारणाने, आणि तेही पॅच रिलीजमध्ये. लोकांच्या स्क्रिप्ट मोडल्या, तरीही तो निर्णय मला बरोबर वाटतो. फक्त एररच्या मजकुरात तो पर्याय चालू कसा करायचा आणि कोणत्या फायलींसाठी करू नये, दोन्ही लिहा.

रूपांतर करणारं हत्यार

जुने वाचक काढायच्या किमान एक मोठी आवृत्ती आधी कमांड-लाइनवरून चालणारं रूपांतर द्या. त्याने मूळ फायलीवर लिहायचं नाही. शेजारी तात्पुरती फाईल लिहायची, ती परत वाचून मूळ ऑब्जेक्टशी किमती जुळवायच्या, जुळल्या तरच तिला अंतिम नाव द्यायचं. 'नॅन' स्वतःशीही समान नसतो, हे तुलना लिहिताना ध्यानात ठेवा, नाहीतर चांगल्या फायलीही नापास होतील. एका फायलीत अडलं तर बाकीच्या थांबू नयेत. शेवटी अडलेल्यांची यादी छापावी आणि एक्झिट कोड शून्य नसावा. मूळ फायली पुसायचा पर्याय देऊच नका. ज्याला पुसायच्या असतील तो पुसेल.

काढल्यानंतर मागे काय ठेवायचं

६.० मध्ये जुना वाचक गेला तरी त्याची ओळख पटवणारा कोड राहू द्या. तो दहा-पंधरा ओळींचा असतो. समोर आवृत्ती १ ची फाईल आली की 'अनपेक्षित की' किंवा 'डिकोड करता आलं नाही' अशी एरर येण्याऐवजी हे दिसायला हवं:

> ही फाईल मापन फॉरमॅट आवृत्ती १ ची आहे. मापन ६.० पासून ती वाचता येत नाही. 'मापन-जुने' बसवून 'मापन-रूपांतर' चालवा, किंवा मापन ५.x वापरा.

आपल्याला माहीत असलेल्यापेक्षा मोठा क्रमांक आला तर वेगळा मजकूर: फाईल नवी आहे, लायब्ररी अपडेट करा. या दोन प्रसंगांना एकच एरर देणाऱ्या लायब्ररी पुष्कळ आहेत, आणि वापरणारा नेमक्या उलट्या दिशेने धावतो.

गेलेल्या आवृत्तीचा क्रमांक आणि काढलेल्या प्रकाराचं टोपणनाव पुन्हा कधीही दुसऱ्या कशाला देऊ नका. प्रोटोबफ या डेटा-स्वरूपामध्ये काढलेल्या फील्डचा क्रमांक 'रिझर्व्ड' म्हणून नोंदवायची सोय याचसाठी आहे. पुन्हा वापरला तर जुना डेटा एररशिवाय वाचला जातो, पण चुकीच्या अर्थाने. रजिस्ट्रीतही अशीच 'निवृत्त' यादी ठेवा आणि तिच्यातलं नाव कोणी नोंदवायला आलं की तिथेच एरर द्या.

नमुना-फायली मात्र रेपॉझिटरीतून हलवू नका. त्यांच्या टेस्ट बदलून घ्या: आता त्यांनी किंमत तपासायची नाही, तर वरचा मजकूर तंतोतंत येतो का आणि त्यात दिलेली कमांड खरंच चालते का, हे तपासायचं.